पहिल्या पायरीवरचे न्यायासन

अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या लढ्याची गोष्ट मराठी वाचकाला परकी नाही. माँटगोमेरीच्या बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी उठायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स, त्यानंतर ३८१ दिवस चाललेला बसवरचा बहिष्कार, सेल्माच्या पुलावर निःशस्त्र माणसांवर झालेला लाठीमार, मार्टिन ल्यूथर किंग यांची भाषणे, हे सारे आपण वाचले आहे आणि पडद्यावरही पाहिले आहे. या गोष्टीतला एक माणूस मात्र आपल्याकडे जवळजवळ अपरिचित राहिला. बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या निकालावर त्यांची सही आहे. सेल्मा ते माँटगोमेरी हा मोर्चा कोणत्या रस्त्याने आणि किती माणसांनी काढायचा, हे त्यांच्या आदेशाने ठरले. अलाबामा राज्यातल्या शाळा, मतदारनोंदणी, ज्युरी, पोलीस दल, मनोरुग्णालये आणि तुरुंग यांचा कारभार त्यांच्या न्यायालयात तपासला गेला आणि तिथूनच बदलू लागला. त्यांचे नाव फ्रँक मिनिस जॉन्सन. ही सगळी कामे त्यांनी केली ती संघीय न्यायव्यवस्थेच्या सर्वांत खालच्या पायरीवर, खटला प्रथम जिथे उभा राहतो त्या न्यायालयात बसून.

पुढील पाने त्यांच्या आयुष्याची आहेत. त्यांत शिरण्याआधी त्यांचे पद समजून घेतले पाहिजे, कारण या आयुष्याचे मोठेपण त्या पदाच्या स्वरूपात गुंतलेले आहे.

अमेरिकेत दोन न्यायव्यवस्था शेजारी शेजारी चालतात. प्रत्येक राज्याची स्वतःची न्यायालये असतात आणि त्यांच्या जोडीला केंद्राची, म्हणजे संघीय न्यायालये असतात. संघीय व्यवस्थेत तीन पायऱ्या आहेत: जिल्हा न्यायालय, त्यावर सर्किट अपील न्यायालय आणि सर्वांत वर सर्वोच्च न्यायालय. या कामासाठी देशाचे ९४ जिल्हे पाडले आहेत. एकट्या अलाबामात असे तीन जिल्हे येतात: उत्तर, मध्य आणि दक्षिण. जॉन्सन मध्य जिल्ह्याचे न्यायाधीश होते. राजधानी माँटगोमेरी आणि आसपासच्या वीसहून अधिक काउंट्या त्यांच्या अधिकारक्षेत्रात येत.

अशा न्यायाधीशाची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात आणि सिनेट तिला मान्यता देते. एकदा नेमणूक झाली की वर्तन चांगले असेपर्यंत पद कायम राहते आणि पगार कमी करता येत नाही. अलाबामाच्या राज्य न्यायालयांतले न्यायाधीश मात्र लोकांच्या मतांवर निवडून येत. हा फरक लक्षात ठेवावा लागेल. ज्या राज्यात कृष्णवर्णीयांना मतदारयादीत येऊच दिले जात नव्हते, तिथे निवडून आलेला न्यायाधीश शेवटी कोणाला उत्तरदायी असणार, हे उघड आहे. संघीय न्यायाधीशाला घटनेने या भीतीतून मोकळे केले होते. त्या मोकळेपणाचे काय करायचे, हे मात्र घटना सांगत नाही. ते ज्याचे त्याने ठरवायचे असते, आणि दक्षिणेतल्या अनेक संघीय न्यायाधीशांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांची मर्जी राखत, तारखांवर तारखा देत कायदा थंड बस्त्यात ठेवला.

खटला चालवणाऱ्या न्यायाधीशाचे काम अपील न्यायालयाच्या कामापेक्षा वेगळे असते. वरच्या न्यायालयात कागद येतात आणि खालच्या न्यायालयात माणसे येतात. पहिल्यांदा साक्षीला उभा राहिलेला शेतमजूर, प्रश्नाला बगल देणारा अधिकारी, रेटून खोटे बोलणारा शेरीफ यांचा चेहरा फक्त तोच न्यायाधीश पाहतो. कोणाचे खरे मानायचे आणि वस्तुस्थिती काय होती, हे तो लिहून ठेवतो. त्याचा तो निष्कर्ष उघडउघड चुकीचा असल्याशिवाय वरची न्यायालये त्याला हात लावत नाहीत. या चरित्रातून मला उमगलेली गोष्ट ही आहे: संविधानातले हक्क सर्वोच्च न्यायालयात उच्चारले जातात, पण ते सिद्ध होतात पहिल्या न्यायालयात, पुराव्याने. आणि अमलात येतात ते नेमके आकडे, तारखा व मुदती असलेल्या आदेशाने. जॉन्सन यांची सारी कारकीर्द म्हणजे हेच काम, चोख आणि न थकता केलेले.

त्यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९१८ रोजी उत्तर अलाबामातल्या विन्स्टन काउंटीत झाला. सात भावंडांत ते थोरले. हा डोंगराळ, कमी सुपीक मुलूख. कापसाचे मोठे मळे तिथे कधी झाले नाहीत, त्यामुळे गुलामही थोडेच होते. १८६१ मध्ये अलाबामाने संघराज्यातून फुटून निघायचे ठरवले, तेव्हा विन्स्टनच्या प्रतिनिधीने त्या ठरावावर सही करायला नकार दिला आणि तिथल्या कित्येकांनी यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने शस्त्र धरले. पुढे सगळे राज्य डेमोक्रॅटिक पक्षाचे झाले, तरी विन्स्टनची माणसे लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाला धरून राहिली. जॉन्सन यांचे वडील त्याच पक्षाचे होते, काउंटीचे प्रोबेट न्यायाधीश होते आणि राज्याच्या विधिमंडळातही बसले. चारचौघांच्या विरोधात उभे राहण्याचे या घराला नवल नव्हते. पुढे जॉन्सन यांना बाहेरचा, दक्षिणेचा द्रोही म्हणून हिणवले गेले. खरे तर ते त्याच मातीतले होते. त्यांच्या मातीची आठवण तेवढी वेगळी होती.

१९३८ मध्ये रूथ जेन्किन्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. अलाबामा विद्यापीठातून १९४३ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली. तिथे त्यांच्याबरोबर शिकणारा एक मित्र होता जॉर्ज वॉलेस. हे नाव या गोष्टीत पुन्हा पुन्हा येईल. पदवीनंतर जॉन्सन पायदळात गेले, नॉर्मंडीनंतरच्या लढाईत दोनदा जखमी झाले आणि युद्ध संपल्यावर जॅस्पर या छोट्या गावात वकिली करू लागले. १९५२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार आयझेनहॉवर यांच्या प्रचारात त्यांनी अलाबामातल्या माजी सैनिकांची आघाडी सांभाळली आणि १९५३ मध्ये उत्तर जिल्ह्याचे सरकारी वकील झाले. त्या काळातला त्यांचा एक खटला लक्षात ठेवण्याजोगा आहे. सम्टर काउंटीतल्या दोघा गोऱ्या जमीनदार भावांवर त्यांनी वेठबिगारीचा आरोप ठेवला. कृष्णवर्णीयांचा दंड भरून त्यांना तुरुंगातून सोडवायचे आणि त्या कर्जापोटी शेतावर राबवायचे, अशी ती रीत होती. गुलामगिरी संपून जवळजवळ नव्वद वर्षे झाली होती. गोऱ्या ज्युरीसमोर जॉन्सन यांनी पुरावा मांडला आणि दोघांना शिक्षा झाली. पुरावा नीट मांडला तर पूर्वग्रह असलेली माणसेही कधीकधी सत्याला मान देतात, हा धडा त्यांनी तिथे घेतला असावा. पुढच्या साऱ्या वाटचालीत तो दिसतो.

ऑक्टोबर १९५५ मध्ये आयझेनहॉवर यांनी त्यांना माँटगोमेरीच्या संघीय न्यायासनावर नेमले. तेव्हा त्यांचे वय ३६ होते. सहा आठवडेही झाले नव्हते, तोच १ डिसेंबरला रोझा पार्क्स यांना अटक झाली.

बहिष्काराची हकिकत सर्वांना ठाऊक आहे, न्यायालयीन बाजू क्वचितच सांगितली जाते. पार्क्स यांच्यावरचा फौजदारी खटला राज्याच्या न्यायालयांत अडकून पडेल, हे तरुण वकील फ्रेड ग्रे यांनी ओळखले. म्हणून १ फेब्रुवारी १९५६ रोजी त्यांनी संघीय न्यायालयात वेगळा दावा लावला, ‘ब्राउडर विरुद्ध गेल’. बसमध्ये अपमान सोसलेल्या ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅक्डोनल्ड, क्लॉडेट कॉल्व्हिन आणि मेरी लुईस स्मिथ या चौघींच्या साक्षी त्याच्या पायाशी होत्या. कॉल्व्हिनला अटक झाली होती ती पार्क्स यांच्या नऊ महिने आधी, वयाच्या पंधराव्या वर्षी. राज्याच्या कायद्यालाच आव्हान असल्याने दावा तीन न्यायाधीशांपुढे आला: अपील न्यायालयाचे रिचर्ड रिव्ह्ज, उत्तर जिल्ह्याचे सीबर्न लिन आणि जॉन्सन.

११ मे रोजी साक्षी झाल्या. चर्चेच्या खोलीत रिवाजाप्रमाणे सर्वांत कनिष्ठाने आधी मत द्यायचे होते. जॉन्सन यांनी क्षणाचीही चालढकल केली नाही. १९५४ च्या ब्राउन निकालात सर्वोच्च न्यायालयाने फक्त शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला होता. प्रवासातल्या भेदाला मान्यता देणारा १८९६ चा प्लेसी निकाल अजून स्पष्ट शब्दांत रद्द झाला नव्हता. वरचे न्यायालय बोलेपर्यंत थांबावे, असे लिन यांचे मत पडले. रिव्ह्ज आणि जॉन्सन यांना ते पटले नाही. शाळेत जो भेद अन्याय्य तो बसमध्ये न्याय्य कसा, या साध्या प्रश्नाला उत्तर नव्हते. ५ जूनला दोन विरुद्ध एक असा निकाल लागला, १३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला आणि २१ डिसेंबरला माँटगोमेरीची कृष्णवर्णीय माणसे हव्या त्या जागेवर बसून प्रवास करू लागली. हजारो माणसांच्या पायपिटीने या निकालाला बळ दिले आणि निकालाने त्या पायपिटीला फळ दिले. एकाचे श्रेय वाढवण्यासाठी दुसऱ्याचे कमी करण्याचे कारण नाही.

किंमत लगेच वसूल होऊ लागली. जॉन्सन यांच्या घरासमोर क्रॉस जाळला गेला. धमक्यांची पत्रे आणि रात्री-अपरात्रीचे फोन सुरू झाले. ओळखीची माणसे रस्ता ओलांडून दुसऱ्या बाजूला जाऊ लागली. रिव्ह्ज यांच्या दिवंगत मुलाच्या थडग्याची विटंबना झाली. पुढे कित्येक वर्षे जॉन्सन कुटुंब संघीय मार्शलांच्या पहाऱ्यात राहिले. एप्रिल १९६७ मध्ये त्यांच्या आईच्या घरावर बाँब टाकला गेला. टेलिफोनच्या यादीतले नाव पाहून ते घर न्यायाधीशांचे समजले असावे. आई वाचल्या. शहर सोडून जायला त्यांनी नकार दिला.

वर्गमित्र वॉलेस बसच्या निकालाच्या काळात राज्याचे निवडून आलेले न्यायाधीश होते. कृष्णवर्णीयांना मतदार होऊ दिले जात नाही या तक्रारीची चौकशी करण्यासाठी केंद्राच्या नागरी हक्क आयोगाने १९५८ च्या अखेरीस नोंदणीची दप्तरे मागितली. वॉलेस यांनी ती देण्यास जाहीर नकार दिला आणि जॉन्सन यांनी ती द्या, असा आदेश काढला. एका रात्री वॉलेस मित्राच्या घरी आले आणि म्हणाले, अवमानाबद्दल थोडीशी कैद दे, राजकारणात उपयोग होईल. कैद झालीच तर थोडीशी नसेल, असे त्यांना ऐकावे लागले. मग वॉलेस यांनी दप्तरे गुपचूप ग्रँड ज्युरीमार्फत आयोगाच्या हाती पोचवली आणि बाहेर मात्र आपण केंद्राला झुगारल्याचा आव आणला. जानेवारी १९५९ मध्ये जॉन्सन यांनी निकाल दिला: आडमार्गाने का होईना, आदेश पाळला गेला आहे, तेव्हा अवमान झालेला नाही. हुतात्मा होण्याची संधी त्यांनी वॉलेस यांना दिली नाही. वॉलेस यांनी याचा सूड निवडणुकीच्या व्यासपीठावरून घेतला. जॉन्सन यांना जाहीरपणे खोटारडा म्हणत ते १९६२ मध्ये गव्हर्नर म्हणून निवडून आले. पुढची अनेक वर्षे अलाबामाचे राजकारण या दोघा जुन्या मित्रांमधल्या अंतरावर उभे होते.

मतदानाच्या खटल्यांत जॉन्सन यांची पद्धत सर्वांत स्पष्ट दिसते. ‘भेदभाव करू नका’ एवढ्या आदेशाने काही होत नाही, हे त्यांनी ओळखले. नोंदणी अधिकारी सर्वांना सारखीच अवघड परीक्षा ठेवणार आणि आधीच विनापरीक्षा नोंदलेले गोरे यादीत तसेच राहणार. म्हणून त्यांनी जुन्या अर्जांचे गठ्ठे मागवले आणि अशुद्ध, अर्धवट अर्ज भरलेल्या गोऱ्यांनाही मतदार केले गेल्याची नोंद पुराव्यात घेतली. मग नियम घालून दिला: आजवर स्वीकारलेल्या सर्वांत कमी पात्र गोऱ्याला जी मोजपट्टी लावली, तीच प्रत्येक कृष्णवर्णीयाला लावायची. अन्यायाचा पुरावाच त्यांनी न्यायाचे माप म्हणून वापरला.

मग १९६५ चा मार्च आला. सेल्माला लागून असलेल्या लाउंड्स आणि विलकॉक्स या काउंट्यांत कृष्णवर्णीय बहुसंख्य होते आणि वर्षाच्या सुरुवातीला त्यांच्यातला एकही मतदारयादीत नव्हता. ७ मार्चला सुमारे सहाशे माणसे सेल्माहून माँटगोमेरीकडे निघाली. एडमंड पेटस पुलापलीकडे राज्याच्या पोलिसांनी त्यांना लाठ्या आणि अश्रुधूर यांनी मागे रेटले. मोर्चाला संरक्षण मिळावे म्हणून त्याचे नेतृत्व करणाऱ्या होझिया विल्यम्स आणि जॉन लुइस यांच्या बाजूने वकील जॉन्सन यांच्याकडे आले. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय आदेश देणार नाही, असे त्यांनी सांगितले आणि सुनावणी होईपर्यंत मोर्चा काढण्यास मनाई केली. ९ मार्चला किंग हजारोंना घेऊन पुलापर्यंत गेले, प्रार्थना केली आणि परतले. त्यांच्या अनेक साथीदारांना ते परतणे जिव्हारी लागले.

मराठी वाचकाला इथे महाड आठवल्याशिवाय राहणार नाही. डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. आंबेडकर चवदार तळ्यावर दुसऱ्या सत्याग्रहासाठी निघाले, तेव्हा स्थानिक सनातन्यांनी महाडच्याच दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. जमलेल्या हजारो माणसांपुढे बाबासाहेबांना तोच पेच पडला: न्यायालयाचा मान राखायचा की पाऊल पुढे टाकायचे. त्यांनी सत्याग्रह तहकूब केला आणि न्यायालयात लढायचे ठरवले. तळे कोणाचे, ते किती जुने, बहिष्काराची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे याला आधार काय, अशा प्रश्नांवर तो दावा पहिल्या न्यायालयातून वर गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने लागला. सुमारे दहा वर्षे लागली. सेल्माचा निकालही १७ मार्चचाच आहे, १९६५ चा. मनाई आणि निकाल यांच्यात तिथे आठ दिवस गेले. तारखांचा हा योगायोग बाजूला ठेवू. महत्त्वाचे आहे ते दहा वर्षे आणि आठ दिवस यांतले अंतर. न्याय मागणाऱ्याला थांब म्हणणाऱ्या न्यायाधीशावर स्वतः वेगाने काम करण्याचे ऋण चढते, आणि जॉन्सन यांनी ते फेडले.

सुनावणी ११ मार्चला सुरू झाली. पुलावर घेतलेली वृत्तचित्रफीत न्यायालयात दाखवली गेली. निकालात जॉन्सन यांनी आधी सेल्मा व आसपासच्या मतदारनोंदणीचे आकडे, अटका आणि मारहाणी एकामागून एक नोंदवल्या. मग एक तत्त्व मांडले: सार्वजनिक रस्त्यावर निषेध करण्याच्या हक्काची मर्यादा ज्या अन्यायाविरुद्ध निषेध आहे त्याच्या प्रमाणात ठरली पाहिजे, आणि इथला अन्याय प्रचंड आहे. त्यापुढचा भाग निव्वळ तपशिलाचा होता. रस्ता क्रमांक ८०, अंतर सुमारे ५४ मैल. महामार्ग जिथे दोनपदरी होतो तिथे तीनशेहून अधिक माणसांनी चालायचे नाही. राज्याने संरक्षण द्यायचे. आदेश देण्यापूर्वी त्यांनी तो अमलात आणण्याची खात्री केंद्र सरकारकडून मागून घेतली होती. वॉलेस यांनी खर्चाचे कारण पुढे केले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी राज्याचे नॅशनल गार्ड केंद्राच्या ताब्यात घेतले. २१ मार्चला निघालेला मोर्चा २५ ला राजधानीत पोचला आणि ६ ऑगस्टला मतदान हक्क कायद्यावर सही झाली.

मोर्चा संपला त्याच रात्री मोर्चेकऱ्यांना गाडीतून पोचवणाऱ्या व्हायोला लिउझो यांना कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेच्या माणसांनी गोळ्या घातल्या. राज्याच्या न्यायालयात खुनाची शिक्षा झाली नाही. संघीय कायद्याखाली नागरी हक्क हिरावण्याच्या कटाचा खटला डिसेंबरमध्ये जॉन्सन यांच्यापुढे आला. बाराही गोऱ्या ज्युरींनी एकमत होत नसल्याचे कळवले, तेव्हा जॉन्सन यांनी त्यांना परत पाठवले आणि अजून विचार करायला सांगितले. अखेर तिघांना दोषी ठरवले गेले आणि जॉन्सन यांनी प्रत्येकाला कायद्याने देता येणारी सर्वाधिक, दहा वर्षांची शिक्षा दिली. पुढच्याच वर्षी, तीन न्यायाधीशांच्या खंडपीठात, अलाबामाच्या ज्युरींतून स्त्रियांना वगळणारा कायदाही त्यांनी रद्द ठरवला.

त्यांच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध कमी गाजला, पण माझ्या मते तोच अधिक खोल आहे. १९७० मध्ये टस्कालूसाच्या ब्राइस मनोरुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांची कपात झाली आणि त्यातून ‘वायट विरुद्ध स्टिकनी’ हा दावा उभा राहिला. सुरुवात नोकऱ्यांच्या प्रश्नाने झाली होती. पुरावा पुढे आला तसा खरा प्रश्न दिसू लागला. तिथे पाच हजारांहून अधिक माणसे कोंडलेली होती आणि त्यांच्या जेवणावर माणशी दिवसाला पन्नास सेंटसुद्धा खर्च होत नव्हते. मानसोपचाराचे प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर बोटांवर मोजण्याइतके होते. मार्च १९७१ मध्ये जॉन्सन यांनी लिहिले की उपचारासाठी म्हणून एखाद्याचे स्वातंत्र्य काढून घ्यायचे आणि उपचारच द्यायचे नाहीत, हे संविधानाला मान्य नाही. राज्याला मुदत दिली. मुदत वाया गेली, तेव्हा १९७२ मध्ये त्यांनी मानके ठरवून दिली. एका खोलीत सहापेक्षा जास्त रुग्ण नकोत, प्रत्येकी किमान ८० चौरस फूट जागा, आठ रुग्णांमागे एक शौचकूप, पत्रे पाठवण्याचा आणि भेटी घेण्याचा हक्क, रुग्णांकडून संस्थेचे काम करून घेतले तर त्याचा मोबदला. हा आदेश देशभर आधाराला घेतला गेला. खटला बंद झाला तो २००३ मध्ये, जॉन्सन यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी.

तुरुंगांच्या खटल्यातले सत्य याहून भीषण होते. एका तुरुंगातल्या शिक्षेच्या कोठड्या चार फूट बाय आठ फुटांच्या होत्या. त्यांत सहा-सहा माणसे, ना पलंग, ना दिवा, ना पाणी. शौचासाठी जमिनीत एक भोक. १९७६ च्या निकालात जॉन्सन यांनी अलाबामाचे तुरुंग माणसांना ठेवण्यास अयोग्य ठरवले आणि कोठडीत माणशी किमान ६० चौरस फुटांपासून जेवण, काम, वैद्यकीय मदत आणि कैद्यांचे वर्गीकरण यांपर्यंत सारे लिहून दिले. टीका झाली की हा न्यायाधीश आता तुरुंगाधिकारी झाला आहे. ही टीका हलकी नव्हती. निवडून न आलेल्या एका माणसाने राज्याच्या तिजोरीचा ओघ कुठे वळावा हे किती सांगायचे, हा लोकशाहीतला खरा प्रश्न आहे, आणि अपील न्यायालयाने त्यांच्या काही तरतुदी छाटल्याही. जॉन्सन यांचे म्हणणे असे की राज्यकर्ते गैरसोयीचे प्रश्न जाणूनबुजून न्यायालयाच्या अंगणात टाकतात आणि मग न्यायालयाच्या नावाने बोटे मोडतात. ज्याच्याकडे मत नाही, पैसा नाही आणि दाराची किल्लीही नाही, त्याने आणखी कुठे जायचे, याचे उत्तर टीकाकारांनी दिलेले मला आढळले नाही.

जॉन्सन यांचे सगळेच निकाल टिकले नाहीत आणि ते लपवण्याचेही कारण नाही. टस्कीगी शहराची हद्द अठ्ठावीस बाजूंच्या विचित्र आकृतीत आखून जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय मतदार शहराबाहेर काढण्यात आले, तेव्हा प्रस्थापित निवाड्यांकडे बोट दाखवून त्यांनी तो दावा फेटाळला होता. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना चूक ठरवले. कायदा जिथवर नेतो तिथवर जायचे आणि वाट दिसत नसेल तर थांबायचे, असा त्यांचा पिंड होता. म्हणूनच त्यांना क्रांतिकारक म्हणणे मला योग्य वाटत नाही. शिस्तप्रिय, मितभाषी, न्यायालयात कोणाचीही हयगय न करणारा हा रिपब्लिकन माणूस स्वतःला सुधारक समजत नसे. दोन्ही बाजूंना तो तितकाच कठोर वाटे. १९६१ मध्ये आंतरराज्य बसमधला वर्णभेद मोडण्यासाठी निघालेल्या फ्रीडम रायडर्सवर हल्ले करणाऱ्या क्लॅनला आणि हल्ला होऊ देणाऱ्या पोलिसांना त्यांनी मनाई केली, तशी काही दिवस रायडर्सच्या नेत्यांनाही केली. राज्य पोलीस दलाच्या ३७ वर्षांच्या इतिहासात एकही कृष्णवर्णीय शिपाई नेमला गेला नसल्याचे पुराव्यात आले, तेव्हा मात्र १९७२ मध्ये त्यांनी एका गोऱ्यामागे एक कृष्णवर्णीय असा भरतीचा हुकूम दिला. पुरावा जेवढा स्पष्ट, तेवढा त्यांचा आदेश रोखठोक.

घरी ते लाकूडकाम करत आणि उंच, उभी घड्याळे बनवत. १९७५ मध्ये त्यांच्या एकुलत्या दत्तक मुलाने आत्महत्या केली. त्या दुःखाबद्दल ते फारसे बोलले नाहीत. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीलाच तुरुंगांचा निकाल आला. १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यांना एफबीआयचे संचालक म्हणून निवडले, पण आजारपणामुळे ते होऊ शकले नाही. १९७९ मध्ये ते अपील न्यायालयात गेले. १९९५ मध्ये त्यांना राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक मिळाले आणि २३ जुलै १९९९ रोजी माँटगोमेरीतच त्यांचे निधन झाले. ज्या इमारतीत त्यांनी हे खटले चालवले तिला १९९२ पासून त्यांचे नाव आहे.

हे चरित्र विजयाची कहाणी म्हणून वाचू नये, असे मला मनापासून वाटते. अलाबामातल्याच शेल्बी काउंटीच्या दाव्यात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्मातून जन्मलेल्या मतदान हक्क कायद्याचा एक कणा मोडला. २०१७ मध्ये अलाबामाच्या तुरुंगांतली मानसोपचाराची व्यवस्था घटनाबाह्य ठरवावी लागली. तो निकाल देणारे मायरन थॉम्पसन १९८० मध्ये जॉन्सन यांच्याच रिकाम्या झालेल्या जागेवर आले. ते टस्कीगीचे आहेत, कृष्णवर्णीय आहेत, आणि त्या निकालापर्यंतही त्यांना साक्षी, आकडे आणि तपासणी यांच्याच वाटेने जावे लागले. हक्क एकदा मिळाला की कायमचा मिळाला, असे होत नाही. प्रत्येक पिढीला तो नव्या पुराव्याने पुन्हा सिद्ध करावा लागतो, आणि ते करण्याची जागा पहिले न्यायालयच असते.

म्हणून ही पाने वाचताना वाचकाने निकालाच्या दिवसाइतकेच लक्ष त्याआधीच्या दिवसांकडे द्यावे: कोण साक्षीला आले, त्यांनी काय गमावण्याची तयारी ठेवली, वकिलांनी कोणती दप्तरे उपसली, न्यायाधीशांनी कोणता प्रश्न विचारला. आपल्या तालुक्या-जिल्ह्यांच्या न्यायालयांत रोज बसणाऱ्या न्यायाधीशांनी, तिथे उभ्या राहणाऱ्या वकिलांनी आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांनी तर हे चरित्र जरूर वाचावे. त्यांच्यापुढचा दावा लहान असेल, त्यावर बातमी येणार नाही. तरीही समोरच्या माणसाचे म्हणणे पूर्ण ऐकून घेणे, खरे काय ते लिहून ठेवणे आणि पाळता येईल असा आदेश देणे, या तीन गोष्टी तिथेही तेवढ्याच मोलाच्या आहेत. फ्रँक जॉन्सन यांनी याहून वेगळे काही केले नाही, आणि एका राज्याचा इतिहास बदलायला तेवढे पुरेसे ठरले.